प्रेअरीतलं कोनफ्लॉवर घरच्या बागेत: लाड कमी, सोबत जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोजवळ नेपरव्हिल भागात नवीन घर घेतलंय. मागच्या अंगणात ऊन भरपूर, माती चिकट. मोठ्या दुकानातून केशरी आणि लाल कोनफ्लॉवरची फुललेली रोपं आणून लावली, खतपाणी नीट केलं. पुढच्या एप्रिलमध्ये निम्मी उगवलीच नाहीत, उरलेली ऐन फुलण्याच्या वेळी आडवी झाली. आता प्रेअरीत, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांत, मूळची असणारी जात हवी आहे, शक्यतो बियांपासून. सासूबाईंना याची मुळी सर्दीवर घेता येते का ते हवंय, आणि पुण्याच्या बहिणीला बी पाठवायचंय.

तुमचं खतपाणी नीट होतं, तिथेच घोळ झाला. कोनफ्लॉवर उपासमारीनं क्वचित मरतं, लाडानं जास्त मरतं. कंपोस्ट, दर आठवड्याला पाणी, भोवती जाड मल्च (मातीवर अंथरलेलं लाकडाच्या चुऱ्याचं वगैरे आच्छादन) आणि मोकळी जागा मिळाली की ते भराभर उंच होतं, दांडे पोकळ आणि लुसलुशीत राहतात आणि जुलैतल्या पहिल्या वादळी पावसात झोपतं. हिवाळ्यात त्याला उणे वीस अंशांच्या थंडीपेक्षा बुंध्याशी साचलेली ओल जास्त बाधते. गाभ्यावर मल्चचा ढीग असेल तर ते कुजणारच.

दुकानातल्या केशरी-लाल रोपांची गोष्ट थोडी वेगळी. ते रंग रानातल्या कोनफ्लॉवरमध्ये आढळत नाहीत. एकिनेशिया (कोनफ्लॉवरचं शास्त्रीय नाव) वंशातली जांभळट-गुलाबी पर्प्युरिया आणि ओझार्क डोंगराळ भागातली पिवळी पॅराडॉक्सा यांच्या संकरातून ते आले. शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये जिम ऑल्ट यांनी केलेल्या संकरातून ‘ऑरेंज मेडोब्राइट’ हे केशरी वाण आलं, 2004 साली ते बाजारात उतरलं आणि मग रंगांची रांगच लागली. त्यातले सुरुवातीचे बरेच वाण अल्पायुषी निघाले. शिवाय जूनमध्ये कुंडीत फुललेलं रोप विकत घेतलं की त्याची सगळी ताकद फुलात जाते, बुंध्याशी पुढच्या वर्षाचे डोळे तयार होत नाहीत आणि ते तसंच हिवाळ्यात जातं. तुमची जी उरली आहेत ती काढू नका. या वर्षी त्यांची फुलं कळीतच खुडा. मन होणार नाही, पण पाच-सहा पानांचा घट्ट गुच्छ जमिनीलगत बसला तरच ती टिकतील.

आता जात कुठली निवडायची. ‘कोनफ्लॉवर’ या एका नावाखाली दुकानदार काहीही देतो, म्हणून पाटीवरचं वनस्पतिशास्त्रीय नाव वाचायची सवय लावा.

सगळीकडे मिळतं ते एकिनेशिया पर्प्युरिया. रुंद, दातेरी पानं, जुलै-ऑगस्टमध्ये फुलं, तंतुमुळं. सोपं आहे, कुठूनही उचलून कुठेही लावा, जगतं. फक्त एक लक्षात घ्या, ही खरी तर विरळ जंगलाच्या कडेची, जरा ओल असलेल्या जागेची जात आहे. इलिनॉयच्या दक्षिण आणि मध्य भागात ती जास्त घरची. उघड्या प्रेअरीचं कोनफ्लॉवर म्हणजे एकिनेशिया पॅलिडा. त्याची पानं लांब, अरुंद आणि केसाळ असतात, शिरा समांतर धावतात, आणि फिकट गुलाबी पाकळ्या सुतळीसारख्या बारीक होऊन खाली लोंबतात. जूनमध्ये फुलतं. जवळून पाहिलंत तर परागकण पांढरे दिसतील. त्याच्यासारखंच दिसणारं पश्चिमेकडचं अँगुस्टिफोलिया बुटकं असतं आणि त्याचे परागकण पिवळे असतात. ते कॅन्सस-नेब्रास्काच्या कोरड्या मैदानांतलं आहे, तुमच्या चिकट मातीत त्याच्या मागे लागू नका.

तिसरं, रॅटिबिडा पिन्नाटा. हे एकिनेशिया नव्हेच, पण प्रेअरीतलं पिवळं कोनफ्लॉवर म्हणून हेच ओळखलं जातं. चार-पाच फूट उंच, पिवळ्या पाकळ्या खाली झुकलेल्या, मधला शंकू आधी राखाडी आणि मग तपकिरी. वाळलेला शंकू बोटांत चुरडा, बडीशेपेचा वास येतो. बियांपासून इतकं सहज येतं की नवशिक्यानं याच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. लहान बागेत मात्र तीन-चार झाडांच्या वर जाऊ नका. ते आपणहून पसरतं.

माझी निवड विचाराल तर पॅलिडा मुख्य, पर्प्युरिया थोडं, रॅटिबिडा चवीपुरतं. पॅलिडा कुणी लावत नाही, कारण ते फुलायला तीन-चार वर्षं घेतं आणि नर्सरीत कुंडीत केविलवाणं दिसतं. त्याचं सोटमूळ जमिनीत अनेक फूट खोल जातं, सुरुवातीची सगळी कमाई तिकडेच खर्च होते. एकदा बसलं की दुष्काळी उन्हाळ्यातही त्याच्याकडे बघावं लागत नाही. दुहेरी पाकळ्यांचे, मधोमध गोंडा असणारे वाण मी कुणालाच सुचवत नाही. डेलावेअरमधल्या माउंट क्यूबा सेंटरनं कोनफ्लॉवरच्या अनेक वाणांच्या चाचण्या घेतल्या, त्यातही मधमाश्या-फुलपाखरांनी अशा दुहेरी फुलांकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि साध्या एकेरी फुलांवर गर्दी केली. गोंड्यात परागकण आणि मध शोधायलाच जागा उरत नाही.

बियांकडे येते. बी विकतच घ्या, निदान पहिल्या वर्षी. मिनेसोटातली प्रेअरी मून किंवा विस्कॉन्सिनमधली प्रेअरी नर्सरी या जुन्या, विश्वासाच्या. फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये (काउंटीनं राखलेल्या रानात) फिरायला गेल्यावर चार शंकू खिशात टाकायचा मोह आवरा. परवानगीशिवाय तिथलं बी काढणं बेकायदेशीर आहे आणि ते तसंच असायला हवं. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2.2 कोटी एकर प्रेअरी होती. 1837 साली जॉन डिअर यांनी याच राज्यात पोलादी नांगर बनवला, त्या चिकट काळ्या मातीत तो न अडकता चालला आणि पुढच्या काही दशकांत सगळं मक्याखाली गेलं. आज उत्तम स्थितीतली मूळ प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आत उरली आहे. त्यातले चार शंकू चारच नसतात.

पॅलिडाच्या बियांना थंड ओलाव्यात साधारण तीन महिने काढावे लागतात, त्याशिवाय ते रुजत नाही. रॅटिबिडाला महिनाभर पुरतो. पर्प्युरिया बरेचदा थंडीशिवायही उगवतं, पण थंडी मिळाली तर सगळं एकदम आणि जोमदार येतं. फ्रिजमध्ये ओल्या वाळूत पिशवी ठेवण्याची पद्धत चालते. मला दुधाच्या कॅनची पद्धत जास्त आवडते. आपल्या घरांत दही लावायला गॅलनचे कॅन येतच असतात. कॅन मधोमध आडवा कापा, मुठीच्या बाजूला जोड राहू द्या. तळाला सात-आठ भोकं. आत तीन-चार इंच कुंडीची माती, ओली पण चिखल नाही. बी पसरून वर जेमतेम पाव इंच माती. कापलेला भाग टेपनं बंद, वरचं झाकण काढून फेकून द्या, नाव कॅनच्या बुडाशीसुद्धा लिहा, कारण बाजूवरची शाई उन्हात उडते. डिसेंबरच्या शेवटी हे कॅन उघड्यावर ठेवायचे, पत्र्याच्या किंवा गच्चीच्या आडोशाला नाही. बर्फ पडेल, वितळेल, झाकणाच्या भोकातून आत पाणी जाईल, गोठेल. हे सगळं हवंच आहे. एप्रिलमध्ये पहिली पानं दिसली की टेप काढा आणि दिवसा वरचा भाग उघडा ठेवायला लागा.

पॅलिडाची रोपं कॅनमध्ये फार काळ ठेवू नका. दोन-तीन खरी पानं आली की खोल कुंडीत किंवा थेट जमिनीत. सोटमूळ एकदा वळलं की झाड आयुष्यभर कुरकुरतं. आणि त्याची बाळरोपं गवतासारखी दिसतात. दर वर्षी कुणी ना कुणी ती तण समजून उपटून टाकतं आणि मग बी खराब होतं म्हणतं. शेजारी काडी रोवा.

पुढे स्वतःच्या झाडांचं बी काढाल तेव्हा एक गोष्ट पारखून घ्या. वाळलेल्या शंकूतून जे टोकदार, काटेरी, तपकिरी बाहेर येतं ते बी नव्हे. ते नुसतं भूस. बी त्या काट्यांच्या मुळाशी असतं, फिकट, चौकोनी कडांचं, दाताच्या आकाराचं. अनेक जण हौसेनं भूस पेरतात.

सगळंच बियांपासून करायचा हट्ट नको. मे महिन्यात ड्यूपेज काउंटीचं फॉरेस्ट प्रिझर्व्ह इथल्या मूळच्या रोपांची विक्री भरवतं, तिथून काही प्लग आणा. प्लग म्हणजे बोटाएवढ्या मुळाचं लहान रोप. मोठ्या कुंडीतल्या रोपापेक्षा ते चिकट मातीत लवकर रुळतं, आणि स्वस्तही पडतं.

जागा तयार करण्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही. सहा तास तरी थेट ऊन हवं. लॉनवर फॉलमध्येच साधे पुठ्ठे अंथरा, वर लाकडाचा चुरा टाका, मेपर्यंत गवत मरतं. माती खणून उलथू नका, खाली निजलेलं तणाचं बी वर येतं. नव्या वसाहतींत बिल्डरनं वरची काळी माती काढून नेलेली असते आणि खालची पिवळी चिकण माती उरते, हे खरं. तरी त्यात कंपोस्ट कालवू नका. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी उभं राहत असेल तरच ती जागा सोडा, किंवा वाफा थोडा उंच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे सोबत. प्रेअरीत कोनफ्लॉवर एकटं कधीच उभं नसतं. त्याच्या चहूबाजूंनी गवत असतं आणि जमिनीखाली तर त्याहून दाटी. विरारच्या लोकलमध्ये दांडी धरावी लागत नाही, गर्दीच माणसाला उभं ठेवते, तसं हे आहे. आपण मात्र दोन-दोन फुटांवर एकेक झाड लावतो, मध्ये मल्च पसरतो आणि मग बांबूचे आधार शोधत फिरतो. मोकळी माती दिसली की तिथे तण येणार, ओल साठणार, झाड फोफावणार आणि पडणार.

म्हणून वाफ्याचा निम्मा भाग गवताला द्या. दहा फूट बाय दहा फूट वाफा असेल तर फुटाफुटावर शंभर रोपं बसतात. त्यात चाळीस-पन्नास गवतं: लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा, प्रेअरी ड्रॉपसीड. बारा-पंधरा पॅलिडा, सात-आठ पर्प्युरिया, तीन रॅटिबिडा. उरलेल्या जागेत प्रेअरीतली इतर फुलझाडं: बटरफ्लाय वीड, वाइल्ड बर्गमॉट, ब्लेझिंग स्टार आणि एखाद-दुसरं रॅटलस्नेक मास्टर. मोठं ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रास ही गवतं सहा-सात फूट जातात, चित्रात सुंदर दिसतात, पण घरच्या वाफ्यात बाकीच्यांना गिळतात. ड्रॉपसीड महाग आहे आणि सावकाश वाढतं, तरी पुढच्या कडेला तेच लावा. गोल, केसाळ झुपका बनतो आणि ऑगस्टअखेर त्याच्या फुलोऱ्याला वास येतो. कुणाला तो धण्यांसारखा वाटतो, कुणाला पॉपकॉर्नसारखा.

पुढच्या कडेबद्दल हे उगाच सांगत नाही. तुमच्या वसाहतीची सोसायटी असेल तर आधी नियम वाचा. लोकांना उंच फुलांचा त्रास नसतो, अव्यवस्थेचा असतो. कडेनं दोन फूट लॉन कापून ठेवलं, पुढे बुटकं गवत, मागे उंच झाडं, एक छोटी पाटी, एवढ्यावर बहुतेक तक्रारी मिटतात.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी द्या, पावसाचं धरून. दुसऱ्या वर्षापासून नळी गुंडाळून ठेवा. पहिल्या वर्षी फक्त पानं दिसतील. पर्प्युरिया दुसऱ्या वर्षी फुलेल, रॅटिबिडा दुसऱ्या-तिसऱ्या, पॅलिडाचं वर सांगितलंच. या काळात खुरपणी चुकवू नका, तिसऱ्या वर्षी झाडंच तणाला जागा देणार नाहीत. कोवळ्या पानांवर सशांचा फार डोळा असतो. कोंबड्यांच्या जाळीचं दोन फूट उंच कडं करा. फवारे आणि तिखटाचे उपाय पावसासोबत वाहून जातात.

रोगराई थोडी आहे, पण ओळखायला शिका, कारण दोन प्रकार सारखे दिसतात. शंकूच्या डोक्यावर गुलाबाच्या कळीसारखे हिरवे-लाल तुरे आले आणि बाकीचं झाड ठणठणीत असेल, तर तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी-किडींचा (माइट्सचा) उद्योग. तेवढी फुलं कापून कचऱ्यात टाका, झाड राहू द्या. पण पाकळ्याच हिरव्या झाल्या, शंकूतून देठासकट पानं फुटू लागली, सगळं झाड पिवळट आणि खुजं दिसू लागलं, तर तो ॲस्टर यलोज. याचा जिवाणू तुडतुडे पसरवतात, आणि ते तुडतुडे वसंतात दक्षिणेकडच्या वाऱ्यांबरोबर इथे येतात. उपाय नाही. झाड मुळासकट उपटा आणि कंपोस्टमध्ये न टाकता फेकून द्या. दया दाखवलीत तर शेजारची झाडंही जातील.

जूनअखेर फुलांची मुंडकी मोडून लोंबताना दिसतील. मुलांना रागावू नका. एक छोटा काळा, सोंड असलेला भुंगा देठाला गोल भोकं पाडतो आणि मोडलेल्या मुंडक्यात अंडी घालतो. लोंबणारी मुंडकी गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे पुढच्या वर्षी भुंगे कमी. जपानी भुंग्यांनाही सकाळी थंडीत ते सुस्त असतात तेव्हा त्याच बादलीत झटका. त्यांच्यासाठी मिळणारे पिवळे सापळे घेऊ नका, त्यांच्या वासानं शेजाऱ्यांचे भुंगेही तुमच्याकडे येतात. पानं खाल्लेली दिसली तर मात्र थांबा. पर्प्युरियाच्या पानांवर सिल्व्हरी चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या वाढतात. आणि फुलावर एखादी वाळकी पाकळी आपोआप चालताना दिसली तर नीट बघा. एक लहान अळी पाकळ्यांचे तुकडे स्वतःच्या पाठीवर चिकटवून त्यांच्याखाली लपून बसते. मी पाहुण्यांना बाग दाखवते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

ऑगस्टनंतर वाळकी फुलं कापू नका. गोल्डफिंच हा पिवळा चिमुकला पक्षी इथल्या इतर पक्ष्यांच्या मानानं फार उशिरा, जुलै-ऑगस्टमध्ये घरटं करतो आणि पिल्लांनाही किड्यांऐवजी बियाच भरवतो. शंकूवर उलटा लटकून तो बिया काढताना दिसेल. दांडे हिवाळाभर उभे ठेवा. एप्रिलमध्ये कापतानाही जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून कापा. त्या थुटांत लहान रानटी मधमाश्या घर करतात, आणि मेअखेर नवीन पानं ती झाकून टाकतात.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. लकोटा, शायन अशा इथल्या मूळच्या मैदानी जमाती अँगुस्टिफोलियाची मुळी दातदुखीवर चघळत, ते खरं आहे. मुळीचा तुकडा जिभेवर ठेवला तर झिणझिण्या येतात. आपल्याकडच्या अक्कलकाऱ्याच्या फुलानं येतात तशाच, आणि कारणही एकाच प्रकारची द्रव्यं. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातल्या. सर्दीवर मात्र चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. फायदा असलाच तर थोडका. रॅगवीड या तणाच्या परागकणांची ॲलर्जी असेल, संधिवातासारखा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असेल किंवा त्यावरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय मुळी काढायची म्हणजे तीन-चार वर्षं वाट पाहून वाढवलेलं झाड मारायचं. माझ्या बागेतलं तरी मी देणार नाही.

पुण्याला बी पाठवू नका. परदेशातून भारतात बी नेण्यासाठी आयात परवाना आणि रोपं निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, पाकिटात घालून चालत नाही. परवानगी मिळाली तरी पॅलिडाला पुण्याची थंडी पुरणार नाही. आणि याच कुळातल्या अमेरिकी पाहुण्यांचा पुण्याला चांगलाच अनुभव आहे. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यातच, 1950च्या दशकात. केशरी कॉसमॉस बागांतून सुटून आज टेकड्याच्या टेकड्या व्यापतो आहे. बहिणीला फुलं हवी असतील तर तिनं थंडीत शेवंती लावावी, आणि पावसाळ्याच्या शेवटी सह्याद्रीत जाऊन सोनकी बघून यावी. तीही याच कुळातली आहे.